विजापूर रस्त्यावरील मुलींचे वसतिगृह : पहिल्या वर्षानंतरचे परीक्षण

सोलापुरात शिकायला येणाऱ्या मुलीने वसतिगृह पसंत करताना पाण्याचा हौद आधी पाहावा आणि खोली नंतर, असे वर्षभराच्या वास्तव्यानंतर माझे स्पष्ट मत झाले आहे. फरशी, नवा रंग, वायफाय आणि आरशाचे कपाट या गोष्टी मालक आपण होऊन दाखवतात. हौदाचे झाकण मात्र आपण सांगितल्याशिवाय कोणी उघडत नाही. मी मंगळवेढा तालुक्यातून सात रस्ता परिसरातील महाविद्यालयात बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले आणि विजापूर रस्त्यावर, पत्रकार भवन आणि धर्मवीर संभाजी तलाव यांच्या दरम्यान असलेल्या एका खासगी वसतिगृहात राहिले. तीन मजली इमारत, सुमारे चाळीस मुली, एका खोलीत तिघी, खोलीभाडे दरमहा ३,००० रुपये आणि दोन वेळच्या जेवणाचे २,८०० रुपये वेगळे, असा तेथील व्यवहार आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्याने वसतिगृहाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. शिवाय या भागातील बहुतेक खासगी वसतिगृहांची रचना आणि नियम थोड्याफार फरकाने असेच आहेत, त्यामुळे येथील निरीक्षणे दुसरीकडेही ताडून पाहता येतील.

सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. शहराचा मोठा भार उजनी धरणावर आहे. तेथून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीने थेट पाणी येते, आणि उजनीतूनच भीमा नदीत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळी येथून उपसले जाते. हिप्परग्याचा एकरुख तलाव हा आणखी एक स्रोत. पंपगृहाची वीज गेली किंवा जलवाहिनीला गळती लागली की ठरलेला दिवस पुढे सरकतो, आणि चार-पाच दिवसांआड येणारे पाणी आणखी लांबते. ज्यांच्या घरी आड आहे, बोअर आहे किंवा रोजचा नळ आहे, त्या मुलींच्या हे सुरुवातीला लक्षातच येत नाही, कारण पावसाळ्यात प्रवेश होतात, टाक्या भरलेल्या असतात आणि तोटी उघडली की पाणी येते.

हिशेब मात्र सोपा आहे. चाळीस मुलींनी अंघोळ, कपडे आणि शौचालय मिळून माणशी दिवसाला ७० लिटर पाणी वापरले, तरी रोज २,८०० लिटर लागतात आणि पाच दिवसांच्या खंडासाठी १४,००० लिटरची साठवण हवी. शहरी पाणीपुरवठ्याच्या मापदंडात माणशी १३५ लिटर धरले जातात, म्हणजे ७० हा आकडा काटकसरीचाच आहे. आमच्या वसतिगृहाचा जमिनीखालचा हौद १०,००० लिटरचा आणि गच्चीवरील टाक्या मिळून २,००० लिटरच्या. उरलेल्या २,००० लिटरची उणीव शेवटच्या दिवशी सकाळी, नेमक्या सर्वांच्या अंघोळीच्या वेळी, जाणवते. त्या दिवशी बोअरची मोटार लावली जाते, आणि उन्हाळ्यात बोअरनेही दम टाकला की टँकर येतो. टँकरचा खर्च मालकांनी एकदाही मुलींवर टाकला नाही, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवते, कारण इतर काही ठिकाणी एप्रिल-मेमध्ये ‘पाण्याचे वेगळे’ म्हणून रक्कम मागितली जाते, हे वर्गातील मैत्रिणींकडून ऐकले आहे.

या वसतिगृहाची मला सर्वांत आवडलेली पद्धत याच पाण्याशी निगडित आहे. रोज संध्याकाळी कामाच्या मावशी हौदाचे लोखंडी झाकण सरकवून आत बांबूची काठी सोडतात. काठीवर हातभर अंतराने लाल रंगाचे पट्टे ओढलेले आहेत. काठी वर काढली की ओल कोणत्या पट्ट्यापर्यंत चढली आहे ते पाहून त्या जिन्याखालच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, आकडा लिहितात, आणि पाणी आलेल्या तारखेभोवती गोल करतात. महिनाभराचे गोल पाहिले की पुढचे पाणी कधी येईल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. केस कधी धुवायचे, चादरी कधी भिजवायच्या, हे मुली त्या कॅलेंडरपुढे उभ्या राहून ठरवतात. पाण्यावरून होणारी भांडणे या साध्या नोंदीमुळे निम्म्याने कमी झाली असावीत, असे मला वाटते. कोणत्याही वसतिगृहाने ही पद्धत जशीच्या तशी उचलावी.

बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि बादलीच्या आतल्या कडेला बसलेला पांढरा थर नखाने खरवडला तर पिठासारखा हातात येतो. केस राठ होतात, पांढरे कपडे काही धुण्यांतच पिवळट दिसू लागतात. यावर उपाय एवढाच की नळाचे पाणी आलेल्या दिवशी दोन बादल्या केसांसाठी बाजूला ठेवाव्यात, आणि प्रत्येकीने झाकणाची स्वतःची बादली आणावी. पिण्याच्या पाण्यासाठी तळमजल्यावर शुद्धीकरण यंत्र आहे, परंतु त्याची गाळणी कधी बदलली याची नोंद कोठेही नव्हती. हौदाची नोंद इतक्या काळजीने ठेवणाऱ्या घरात ही नोंद नसावी, याचे मला आश्चर्य वाटते आणि त्याबद्दल मी या वसतिगृहाचे गुण निश्चितच कमी करीन.

पाण्यानंतर उन्हाचा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचे तापमान चाळिशीच्या वर जाते आणि ४३ अंशांपर्यंतही पोहोचते, आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षा नेमक्या याच काळात असतात. तिसऱ्या मजल्यावरील खोल्यांचे भाडे २०० रुपयांनी कमी आहे, आणि त्याचे कारण मार्चच्या अखेरीस कळते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पंखा फक्त तीच हवा फिरवतो. गच्चीवर पाणी मारावे तर हौद रिकामा होतो. कूलर लावायला परवानगी नाही, आणि विजेचा व पाण्याचा विचार करता ती बंदी मला अन्यायाची वाटत नाही. मात्र मग गच्चीवर हिरवी जाळी अंथरण्याचे काम मार्चमध्येच व्हायला हवे होते. ते आमच्या विनंतीनंतर एप्रिलच्या मध्यास झाले, तेही अर्ध्या गच्चीवर. वाचलेले २०० रुपये त्या रात्रींच्या अभ्यासापुढे काहीच नाहीत. पूर्वेकडील पहिल्या मजल्याची खोली मिळत असेल तर ती घ्यावी.

खोलीत लोखंडी खाट, छोटे कपाट आणि तिघींत मिळून एक टेबल मिळते. गादी स्वतःची आणावी लागते. बाहेरगावाहून पांघरुणाचे ओझे मात्र आणू नये. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर येथेच मिळते, ती उन्हाळ्यात अंथरायला आणि जानेवारीत पांघरायला दोन्हीकडे उपयोगी पडते, आणि या पाण्यातल्या धुण्यालाही टिकते. वायफाय रात्री दहापर्यंत ठीक चालते.

पहिल्या वर्षाच्या मुलीच्या दृष्टीने खोलीइतकीच महत्त्वाची असते ती देखरेख करणारी व्यक्ती. आमच्या रेक्टर काकू निवृत्त परिचारिका आहेत. नव्या मुलींना त्या पहिले दोन आठवडे रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटे समोर बसवतात, जेवलीस का, घरी बोललीस का, एवढेच विचारतात आणि सोडून देतात. माझ्या खोलीतील एक मैत्रीण अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलणारी, दुसरी उमरग्याची. अक्कलकोटच्या मैत्रिणीला पहिल्या आठवड्यात ताप आला, तेव्हा काकूंनी तिच्या आईशी फोनवर मोडक्यातोडक्या का होईना पण कन्नडमध्ये बोलून धीर दिला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा सहज कानावर पडणाऱ्या या शहरात असे माणूस देखरेखीला असणे ही मोठीच सोय आहे, आणि ती कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते.

रॅगिंगचा त्रास मला झाला नाही. तरीही प्रवेश घेताना विचारायच्या दोन गोष्टी येथे सांगते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून लागू आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत महाविद्यालयाबाहेरील खासगी वसतिगृहांनी स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी, अशी तरतूद आहे. ही नोंद आहे का, हे पालकांनी थेट विचारावे; आमच्या मालकांनी माझ्या वडिलांना कागद काढून दाखवला. दुसरे म्हणजे १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा. आमच्याकडे तो सूचना फलकावर होता, पण त्यावर मेसच्या दरपत्रकाची चिठ्ठी चिकटवलेली होती. काकूंना सांगितल्यावर ती त्याच दिवशी काढली गेली.

मेसविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण ज्वारीचे कोठार म्हणवल्या जाणाऱ्या तालुक्यातून आलेल्या मुलीची भाकरीच्या बाबतीत काही अपेक्षा असते, आणि ती येथे पूर्ण झाली. रात्रीच्या जेवणात रोज ज्वारीची भाकरी असते आणि ती तव्यावरून थेट ताटात येते. बरोबर शेंगदाण्याची चटणी, जी सोलापुरात शेंगा चटणी म्हणूनच मागितली जाते, ती उखळात कुटलेली, तेल सुटलेली आणि लसणाच्या वासाची असते. भाजी दोन चमचे कमी पडली तरी या चटणीवर आणि दह्यावर जेवण निभावते. भाकरी वाढणाऱ्या मावशी ‘अगं, अजून एक घे की, अभ्यासाला बसायचंय तुला’ असे म्हणत ताटात टाकतात आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. सकाळची पोळी मात्र आठपूर्वीच करून ठेवलेली असते. दुपारी डबा उघडेपर्यंत ती वातड होते. मी नंतर डब्यातही भाकरीच मागून घेऊ लागले, आणि परीक्षेच्या दिवसांत कडक भाकरीचे पाकीट खोलीत ठेवू लागले, कारण ती बरेच दिवस टिकते आणि चटणीबरोबर मध्यरात्रीची भूक भागवते. रविवारी दुपारी गोडाचे जेवण असते; कधी शेंगा पोळी, कधी शिरा. रविवारी रात्री मेस बंद.

मेसमधील खरी तक्रार खाड्याची आहे. सलग चार दिवसांपेक्षा जास्त खाडा असेल तरच पैसे वजा होतात, आणि तोही आदल्या दिवशी वहीत लिहिला असेल तर. शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या तालुक्याच्या मुलींना त्यामुळे महिन्याला आठेक दिवसांच्या न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरावे लागतात. मेस चालवणाऱ्यांचे म्हणणे असे की, गॅस, धान्य आणि मावशींचा पगार मुली गेल्या म्हणून थांबत नाही. हे मान्य केले तरी दोन दिवसांच्या खाड्यावर निदान निम्मे पैसे वजा करणे शक्य आहे, आणि शेजारच्या गल्लीतील एक मेस ते करतेही.

रात्री साडेसातला फाटक बंद होते. प्रात्यक्षिके साडेपाचला संपतात, त्यामुळे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जेमतेम तासभर बसता येते. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात जाऊन काही वाचायचे म्हटले तर परतीची घाई होते. हा नियम मुलांच्या वसतिगृहांना लागू होत नाही. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी खरी असेल तर साडेआठपर्यंत वेळ देऊन अंतर्गत रस्त्यावरचे बंद दिवे सुरू करून घेण्याचा पाठपुरावा मालकांनी करावा, असे मला मनापासून वाटते. लेखी कळवल्यास उशिराची परवानगी मिळते, हे मात्र खरे. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने येणारी मुलगी रात्री दहाच्या सुमारास स्थानकावर उतरते आणि मुंबईची वंदे भारत त्याच्याही नंतर पोहोचते. अशा वेळी पालकांनी काकूंना आधी संदेश पाठवला असेल तर फाटक उघडले जाते आणि कोणी बोलत नाही.

येण्याजाण्याच्या दृष्टीने ही जागा चांगली आहे, आणि याचे सर्व श्रेय शेअर रिक्षांना जाते. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या बसची संख्या गेल्या काही वर्षांत इतकी रोडावली आहे की ठरलेल्या तासाला पोहोचायचे असेल तर बसवर विसंबता येत नाही. विजापूर रस्त्यावरून सात रस्त्याकडे जाणाऱ्या शेअर रिक्षा मात्र सकाळी सतत मिळतात. ‘ताई, सात रस्ता का? बसा की, एकच सीट राहिलीय,’ असे म्हणत रिक्षावाले मामा थांबतात तेव्हा आत आधीच पुरेशी माणसे असतात, हे लक्षात ठेवावे; चालकाशेजारी बसण्यास मी नेहमी नकार दिला आणि कोणी वाईट मानले नाही. एकटीने पूर्ण रिक्षा केल्यास भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, विशेषतः रेल्वे स्थानकावरून रात्री येताना. रेल्वे स्थानक आणि एसटी स्थानक एकमेकांना लागून नाहीत, त्यामुळे कोठे उतरायचे आहे ते रिक्षावाल्याला नीट सांगावे.

सायकल हा चांगला पर्याय आहे. शहर बरेचसे सपाट आहे आणि वसतिगृहात सायकली ठेवायला छप्पर आहे. परंतु विजापूर रस्त्यावरून जड वाहने जातात, म्हणून सायकलने जाणाऱ्यांनी आतले रस्ते धरावेत. ज्यांचे वर्ग केगावला, पुणे महामार्गावरील विद्यापीठाच्या परिसरात असतील, किंवा तुळजापूर रस्त्यावरील तळे हिप्परगा येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात असतील, त्यांनी हे वसतिगृह घेऊच नये. रोज संपूर्ण शहर ओलांडावे लागेल. अशोक चौकाच्या बाजूला वर्ग असणाऱ्यांनीही आधी एकदा सकाळच्या वेळी रिक्षाने जाऊन पाहावे.

गावी जाण्यासाठी एसटीइतकी स्वस्त सोय नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे मंगळवेढ्याला जाणे-येणे मला परवडले. जवळच्या गावातून रोज ये-जा करणाऱ्यांना विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. घर एसटीने तासाभराच्या आत असेल तर वसतिगृहाचा खर्च आणि हा पास यांची तुलना पालकांनी अवश्य करावी. माझ्या वर्गातील मोहोळच्या दोन मुली वर्षभर तशाच आल्या आणि त्यांचे काही बिघडले नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत हे सर्व वेळापत्रक बाजूला ठेवावे लागते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, मंदिर, होम मैदान आणि पार्क चौकाकडचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि रिक्षा लांबच्या वाटेने जातात. त्या दिवसांत महाविद्यालयासाठी अर्धा तास आधी निघावे. वसतिगृहाने मात्र येथे फार मोकळेपणा दाखवला. संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्याला काकू स्वतः पंधरा-वीस मुलींना घेऊन गेल्या, आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री फाटक साडेदहापर्यंत उघडे ठेवले. बाहेरून आलेल्या मुलींना हे शहर आपले वाटू लागते ते अशाच वेळी.

राहता राहिला पैशांचा व्यवहार, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रार तेथेच आहे. एका महिन्याच्या भाड्याइतकी अनामत घेतली जाते, पण पहिल्या सत्रात आम्हाला भाड्याची आणि अनामतीची नोंद साध्या कागदावर करून मिळाली; ना पावती क्रमांक, ना शिक्का. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ज्या विद्यार्थिनींना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. अशा योजनांसाठी आपण भाड्याने राहतो याचे रीतसर कागद लागतात. आमच्या मजल्यावरील एका मैत्रिणीचा स्वाधारचा अर्ज केवळ करारनामा नसल्यामुळे अडून राहिला. मालक टाळाटाळ करीत नव्हते, त्यांना त्याची गरजच उमगली नव्हती. पण हजारो रुपये दरमहा घेणाऱ्याने ती समजून घेणे हे त्याचे काम आहे. शेवटी आम्ही अकरा जणींनी सह्या करून अर्ज दिला, काकूंनी तो मालकांपुढे ठेवला आणि नव्या सत्रापासून छापील पावतीपुस्तक आले, मागेल तिला करारनामाही मिळू लागला. आता प्रवेश घेणाऱ्या मुलींनी पहिल्याच दिवशी, अनामत हातात देण्यापूर्वी, करारनाम्याची प्रत मागावी, आणि रंगकामासाठी अनामतीतून किती रक्कम कापली जाणार आहे ते त्यातच लिहून घ्यावे, कारण ती बाब अजूनही तोंडीच ठेवली जाते. मी दुसऱ्या वर्षासाठी येथेच, पहिल्या मजल्यावर, पूर्वेकडची खोली मागितली आहे. जूनमध्ये निकालानंतर त्या खोल्या सर्वांत आधी भरतात.